चेटूक आणि बांधाचा तंटा

सेलेमच्या चेटूक-खटल्यांविषयी वर्गात बोलू लागलो की विद्यार्थी हमखास विचारतात : 'सर, ती माणसे इतकी अडाणी होती?' नव्हती. प्युरिटन समाजात बायबल वाचता यावे म्हणून मुलांना अक्षरओळख देणे कायद्याने बंधनकारक होते. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन हा हार्वर्डचा पदवीधर. तेव्हा अज्ञान हे एकच कारण पुढे करून भागत नाही. आरोप कोणी केला, कोणावर केला आणि दोघांच्या मध्ये कोणता बांध होता, हे पाहावे लागते.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील सेलेम व्हिलेज हे शेतकऱ्यांचे गाव. पटनम हे तिथले जुने जमीनदार घराणे. वाटण्या होऊन त्यांच्या जमिनी आक्रसत होत्या. बंदराच्या व्यापाराशी जोडलेले पोर्टर घराणे वर चढत होते. पाद्री सॅम्युएल पॅरिसच्या पगारावरूनही दोन तट पडले. १६९१ च्या ऑक्टोबरात गावसमितीने त्याच्या पगारासाठी कर बसवण्यास नकार दिला. पुढच्या जानेवारीत त्याच्याच घरातल्या मुलींना झटके येऊ लागले.

फेब्रुवारी १६९२ अखेर तक्रार झाली. तक्रारदारांत थॉमस पटनम होता. पहिल्या तिघी कोण? पॅरिसची गुलाम टिट्युबा, दारोदार मागून जगणारी सारा गुड आणि सारा ऑस्बोर्न. ऑस्बोर्नच्या पहिल्या नवऱ्याने जमीन मुलांना ठेवून देखरेख पटनमांकडे दिली होती. ती स्वतःकडे राखण्याचा तिने प्रयत्न केला, हा तिचा जुना गुन्हा. ती तुरुंगातच मेली.

पुढे रिबेका नर्सचे नाव आले. सत्तरीची, कानाने मंद, धर्मपरायण म्हातारी. तिच्या कुटुंबाने १६७८ मध्ये तीनशे एकरांचे शेत घेतले होते आणि तिच्या माहेरच्या टाऊन घराण्याशी पटनमांचा हद्दीचा तंटा जुनाच होता. ज्यूरीने तिला आधी निर्दोष ठरवले. न्यायाधीशांनी फेरविचार करायला लावला. १९ जुलैला ती फासावर गेली, सप्टेंबरात तिची बहीण मेरी ईस्टी. एकूण एकोणीस जणांना फाशी झाली. जाइल्स कोरीने न्यायालयापुढे जबाब देण्याचेच नाकारले, तेव्हा त्याला दगडांखाली चिरडून मारले. जमीन त्याने तुरुंगातूनच जावयांच्या नावे केली होती. शेरीफ जॉर्ज कॉर्विन आरोपींची गुरे आणि सामान उचलून नेत होता.

सगळेच आरोप जमिनीतून निघाले, असे नाही. सैतानावरची श्रद्धा खरी होती, मूळ रहिवाशांशी चाललेल्या युद्धाची भीतीही खरी होती. पण त्या भीतीचे बोट कोणाकडे वळायचे, हे पुष्कळदा जुन्या वैराने ठरवले. पॉल बॉयर आणि स्टीफन निसेनबॉम यांनी १९७४ च्या ग्रंथात गावचे कागदपत्र तपासून हीच फूट दाखवली. बोट बड्यांच्या घरापर्यंत पोचले, तेव्हा ऑक्टोबर १६९२ मध्ये गव्हर्नरने ते न्यायालयच बरखास्त केले.

१७११ मध्ये वसाहतीने बळींच्या वारसांना भरपाई दिली. टिट्युबा वर्षाहून अधिक काळ तुरुंगात होती. तुरुंगाचा खर्च भरण्यास मालकाने नकार दिला आणि ज्याने तो भरला तो तिला घेऊन गेला. भरपाईच्या यादीत तिचे नाव नाही. जमिनीच्या या भांडणात तिच्या नावावर एक वीतही जमीन नव्हती, आणि सर्वांत आधी तिलाच धरले गेले.