झाडाची कॉलर कुठे असते?



दसऱ्याच्या आसपास आमच्या नाशिक जिल्ह्यात एकच घाई असते. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत, जिकडे जावे तिकडे द्राक्षबागांत छाटणी चाललेली! एका वर्षी आम्ही तिसरीच्या मुलांना अशीच एक बाग दाखवायला नेले. कात्र्यांची कटकट चालू होती, खाली काड्यांचा ढीग पडला होता. एका मुलीने कापलेल्या काडीच्या टोकाला बोट लावले. बोट ओले झाले.

"बाई, वेल रडतेय!"

मला हसू आले. पण बागवाले काका हसले नाहीत. म्हणाले, "रडत नाही बाळा. मुळांनी वर चढवलेलं पाणी आहे ते. पण घाव चुकीच्या जागी पडला, तर मात्र वर्षभर आपल्यालाच रडायची पाळी येते!"

आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमधली ती खरड छाटणी. तिच्यानंतर नव्या काड्या वाढतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची तयारी होते. ऑक्टोबरच्या सुमारास होते ती गोडी छाटणी. तिच्यानंतर घड बाहेर येतात आणि साधारण चार महिन्यांनी द्राक्षे तयार होतात. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपी जाते, म्हणून तिथे एकच छाटणी पुरते. आपली वेल तशी झोपत नाही!

वेलीसारखेच 'रडणारे' एक झाड कॅनडात आणि अमेरिकेत घरोघरच्या अंगणात असते. त्याचे नाव मेपल. कॅनडाच्या झेंड्यावर १९६५ पासून त्याचेच पान आहे. हिवाळा संपताना त्याला घाव घातला, की पाणी टपटपू लागते. शुगर मेपलचे हे पाणी थोडे गोड असते. सुमारे ४० लिटर पाणी आटवले, की १ लिटर पाक मिळतो. अशा गळण्याने झाड सहसा मरत नाही. तरीही ते नको म्हणून पाने पूर्ण उमलल्यावर मेपल छाटतात.

मग झाडाला खरा धोका कशाचा? ते मला माझ्याच अंगणातल्या पेरूने शिकवले.

पेरूची एक जाड फांदी पत्र्यावर टेकत होती. मी ती कोयत्याने वरून तोडायला लावली. निम्मी तुटताच ती आपल्याच वजनाने कडाडून खाली आली आणि खोडाची हातभर साल सोलून गेली. उरलेला खुंट मी खोडालगत अगदी गुळगुळीत कापून घेतला आणि वर ऑइलपेंट फासला. दिसायला कसे छान! पुढच्या पावसाळ्यात तिथे अळंबी उगवली. तिसऱ्या वर्षी वळवाच्या वाऱ्यात झाड आडवे झाले. आत पाहिले तर खोड पोकळ. चूक माझीच होती.

आपल्याला खरचटले, की खालून नवी कातडी येते. झाडाला तसे जमत नाही. ते कुजका भाग आतल्या आत जणू भिंत घालून कोंडते आणि कडेने नवे लाकूड वाढवून घाव बुजवते. अमेरिकेतील वनशास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी असंख्य झाडांची खोडे उभी चिरून हे पाहिले आणि १९७७ मध्ये सविस्तर मांडले.

फांदी जिथे खोडाला मिळते, तिथे शर्टाच्या कॉलरसारखा फुगवटा असतो. घाव बुजवण्याची ताकद तिथेच असते. म्हणून कॉलर कापायची नाही आणि तिच्यापुढे लांब खुंटही ठेवायचा नाही. जाड फांदी तीन घावांत काढावी. पहिला घाव खोडापासून फूटभर अंतरावर, खालच्या बाजूने थोडासा. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. त्यामुळे साल न सोलता फांदी पडते. तिसरा कॉलरच्या अगदी बाहेर, करवतीने. मग जखमेवर रंग किंवा डांबर फासायची गरज नसते.

आई-बाबांसाठीही चार गोष्टी. एका वर्षात झाडाचा पाव भागापेक्षा जास्त पसारा काढू नये. शेंडा सरसकट उडवू नये. आंब्याची छाटणी फळे उतरल्यावर करावी. फांदीवर घरटे असेल, तर पिल्ले उडेपर्यंत थांबावे. विजेच्या तारांजवळच्या फांदीला स्वतः हात लावू नये, वीज कंपनीला कळवावे. आणि शहरातल्या झाडांच्या रक्षणासाठी १९७५ चा राज्याचा कायदा आहे. म्हणून मोठे झाड छाटण्यापूर्वी पालिकेच्या उद्यान विभागात विचारून घ्यावे.

मुलांनो, करवत-कोयता मोठ्यांच्या हाती राहू द्या. तुमचे काम वेगळे आहे. येत्या रविवारी रस्त्यावरची, अंगणातली झाडे बघत हिंडा. जुन्या घावाभोवती मेदूवड्यासारखे गोल कडे दिसले, तर समजा, कापणाऱ्याने कॉलर राखली होती. कडे एकाच बाजूला असेल किंवा मध्ये खड्डा पडला असेल, तर कुणीतरी माझ्यासारखीच चूक केली आहे. वहीत तशी चित्रे काढा आणि तुमच्या बाईंना दाखवा.

आमच्या अंगणात आता नवा पेरू आहे. यंदा त्याची पहिली फांदी काढली. कोयत्याने नाही हं, करवतीने, कॉलर राखून!