बाटलीतले मेंदूचे द्रव्य

गेल्या आठवड्यात संध्याकाळी दवाखाना बंद करण्याच्या वेळेस एक तरुण आला. त्याच्या घरी माझे जुने जाणे-येणे आहे. बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेली, बोटाच्या पेराएवढी काचेची बाटली त्याने टेबलावर ठेवली. तळाशी पांढऱ्या भुकटीचा पातळ थर होता. 'डॉक्टर, अण्णांचा विसराळूपणा फार वाढलाय. एवढे इंजेक्शन देऊन टाका.'

मी चष्मा लावून लेबल वाचले. वर 'रिकॉम्बिनंट ह्युमन सोमॅटोस्टॅटिन', आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी'. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत हे द्रव्य कमी असते, असे त्याच्या वाचनात आले होते. वाचले ते खरे आहे. १९८० सालीच संशोधकांना तसे आढळले होते. पण एखादी गोष्ट कमी आहे म्हणून ती बाहेरून भरता येतेच असे नाही.

सोमॅटोस्टॅटिन हे न्यूरोपेप्टाइड, म्हणजे मज्जापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी वापरतात त्यांपैकी एक द्रव्य. १४ अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी. अमेरिकेत रॉजर गिलमँ यांच्या प्रयोगशाळेने १९७३ मध्ये ती मेंढ्यांच्या मेंदूतून वेगळी काढली. मेंदूतली असली द्रव्ये चिमूटभर मिळवायची तर त्या काळी कत्तलखान्यांतून लाखो मेंढ्यांचे मेंदू गोळा करावे लागत. या कामाबद्दल गिलमँ १९७७ च्या नोबेलचे एक मानकरी ठरले. त्याच वर्षी इटाकुरा, बॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साखळीचा जनुक रसायनांतून जुळवला आणि तो ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूत घातला. जिवाणू वाढू लागला आणि सोमॅटोस्टॅटिनही बनवू लागला! 'रिकॉम्बिनंट' म्हणतात ते हेच. जिवाणूकडून करून घेतलेले माणसाचे हे पहिले पेप्टाइड. पुढच्याच वर्षी याच वाटेने इन्सुलिन बनले आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झाले.

'मग इन्सुलिन चालते, हे का नाही?' तरुणाने बरोबर जागी बोट ठेवले. औषधाचे इन्सुलिन निर्जंतुक असते, प्रत्येक घाणा तपासलेला असतो, डोस ठरलेला असतो. प्रयोगशाळेच्या मालाचे काम वेगळे. रक्तातले किंवा पेशीतले द्रव्य मोजताना तराजूतल्या वजनासारखा त्याचा उपयोग होतो, किंवा काचपात्रातल्या पेशींवर ते घालून पाहतात. ते माणसाच्या शरीरात जायचे नसते, म्हणून त्या कसोट्या त्याला लावलेल्या नसतात. ई. कोलायच्या कवचाचे विष, एंडोटॉक्सिन, त्यात राहून गेले आणि रक्तात गेले, तर थंडी वाजून ताप भरतो, रक्तदाब कोसळू शकतो. हे विष उकळूनही सहजी जात नाही.

बरे, माल अगदी शुद्ध आहे असे धरू. शिरेतून दिलेले सोमॅटोस्टॅटिन दोन-तीन मिनिटांत निम्मे होते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत त्याला जवळजवळ आत येऊ देत नाही. म्हणजे जिथे हवे तिथे ते पोचत नाही आणि नको तिथे काम करते. ते स्वादुपिंडातले इन्सुलिन दाबते आणि साखर वाढवणारे ग्लुकागॉनही दाबते. अण्णांना बारा वर्षांचा मधुमेह! त्यांची साखर कुठे गेली असती, हे मलाही आधी सांगता आले नसते.

या द्रव्याचा औषधी भाऊबंद आहे, ऑक्ट्रिओटाइड. साखळीत फेरफार करून तो जास्त टिकेल असा केलेला आहे. हातपाय, जबडा वाढत जाणाऱ्या ॲक्रोमेगालीत, किंवा लिव्हर बिघडून अन्ननलिकेच्या शिरा फुटल्या तर मोठ्या रुग्णालयात तो देतात. विसराळूपणावर नाही.

तरुण थोडा हिरमुसला. पैसे बरेच गेले होते. मी विचारले, 'अण्णांना घेऊन का नाही आलास?' दुसऱ्या दिवशी तो त्यांना घेऊन आला. पायांना मुंग्या येतात, जीभ गुळगुळीत झाली आहे, आणि मेटफॉर्मिनची गोळी बारा वर्षे चालू! या गोळीने बी-१२ कमी होऊ शकते, आणि बी-१२ कमी झाले की स्मरणशक्तीही घसरते. ते आणि थायरॉइड तपासायला रक्त पाठवले आहे. रिपोर्ट सोमवारी येईल. बाटली सध्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.