होस्टिंग बदला, पण ताबा सोडू नका
दुबई मरीनात यॉट भाड्याने देणारे, सुट्टीपुरते फ्लॅट देणारे आणि टेबलं आगाऊ राखून ठेवणारी रेस्टॉरंट यांचा बराचसा धंदा वेबसाइटवरून येतो. ती बंद पडली की गिऱ्हाईक थांबत नाही, पुढच्या नावावर बोट ठेवतं. असं दोन-चारदा झालं की मालक होस्टिंग कंपनी बदलायचं ठरवतो. निर्णय पुष्कळदा योग्य असतो, पण त्यामागचा समज चुकीचा असतो. विश्वासार्हता नव्या कंपनीकडून तयार विकत मिळत नाही. कोणत्याही कंपनीकडून वेबसाइट झटपट उचलून दुसरीकडे उभी करता येणं, हा तिचा खरा पाया आहे.

वेबसाइट चालू राहण्याच्या हमीचा जाहिरातीतला ‘९९.९ टक्के’ हा आकडाच पाहा. वर्षाचा हिशोब केला तर त्यात सुमारे पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा असते, ९९.९९ टक्क्यांत ती साधारण ५२ मिनिटांवर येते. हमी मोडली तरी बहुधा भाड्यात सूट मिळते, बुडालेल्या बुकिंगची भरपाई नव्हे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग इथे ओव्हीएच या बड्या कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. नेटक्राफ्ट या इंटरनेटची पाहणी करणाऱ्या कंपनीच्या मोजणीनुसार सुमारे ३६ लाख वेबसाइट बंद पडल्या. ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते, त्यांच्यापैकी काहींचा डेटा कायमचा गेला. बॅकअप दुसऱ्या ठिकाणी ठेवणाऱ्यांना निदान नव्याने उभं राहता आलं.

मग सर्व्हर अमिरातीतच घ्यावा का? मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आणि ॲमेझॉनने २०२२ मध्ये इथे आपली केंद्रं उघडल्यापासून तसं करणं सोपं झालंय. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अमेरिकेचा पूर्व किनारा दुबईपासून अकरा हजार किलोमीटरवर असल्याने नुसत्या एका फेरीलाच सेकंदाचा दहावा भाग लागतो, आणि एक पान उघडायला अशा अनेक फेऱ्या होतात. गिऱ्हाईक मरीनातलं असेल तर जवळचा सर्व्हर नक्कीच बरा. ते मुंबई-लंडनहून बुकिंग करत असेल तर मधे समुद्र आहेच. २००८ च्या जानेवारीअखेर अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या, पाठोपाठ दुबई-ओमानदरम्यानची फाल्कन केबल गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या, तेव्हाही अमिरातीत इंटरनेट मंदावलं. अशा वेळी होस्टिंग कंपनीवर राग काढून काही साधत नाही. म्हणून आधी बिघाड कुठे आहे ते शोधावं. सर्व्हरवर गर्दी आहे, एखादं जुनं प्लगइन अडलंय की डोमेनची मुदत संपलीय, हे न पाहता घर बदललं तर दुखणं सोबतच येतं.

बदलायचंच ठरलं तर पहिलं काम कागदपत्रांचं. डोमेन वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नावावर असेल तर ते आधी आपल्या नावावर करून घ्यावं. दुसरं काम बॅकअपचं. तो स्वतःकडे असावा आणि त्यावरून वेबसाइट खरंच उभी राहते का, हे तपासलेलं असावं. नव्या सर्व्हरवर सगळं पारखल्यावरच डीएनएसमधला, म्हणजे डोमेनच्या नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या यंत्रणेतला, पत्ता बदलावा. ही नोंद जगभरच्या यंत्रणा किती वेळ जपून ठेवतात, ती मुदत एक-दोन दिवस आधीच काही मिनिटांवर आणली की बदल लवकर पसरतो. ईमेलच्या नोंदी विसरू नयेत, नाहीतर वेबसाइट दिसते आणि चौकशीची पत्रं मात्र हरवतात. जुनं खातं आठवडाभर चालू ठेवावं. २०२२ पासून अमिरातीत सुट्टी शनिवार-रविवारची असल्याने मरीनातल्या धंद्याने हे काम सोमवार-मंगळवारी पहाटे उरकावं.

‘मोठ्या कंपनीकडे गेलो की एवढी काळजी कशाला?’ असं कोणी म्हणेल. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात डीएनएसचा घोटाळा झाला आणि जगभरातल्या नामांकित सेवा तासन् तास अडल्या. मोठ्या कंपनीत बिघाड कमी होत असतील, पण झाला की एकाच वेळी असंख्य जण अडकतात. दुसरा आक्षेप असा की छोट्या मालकाला हे तांत्रिक काम जमणार नाही. त्याने ते स्वतः करायची गरजही नाही. डोमेनचं खातं, बॅकअप आणि पासवर्ड आपल्या हातात ठेवायला अभियंता व्हावं लागत नाही. काम मग कुणाकडूनही करून घेता येतं. म्हणून नव्या कंपनीशी करार करताना वेग आणि दर यांच्या आधी एक प्रश्न विचारावा: उद्या जायचं ठरवलं तर माझी वेबसाइट मला कशी आणि किती वेळात परत मिळेल? याचं सरळ उत्तर जी कंपनी देईल, तिच्याकडे जावं.