गावाच्या हवाली केलेली मुलं

६ एप्रिल २०१८ च्या संध्याकाळी कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतात हम्बोल्ट ब्रॉन्कोज या कुमार आइस हॉकी संघाची बस आणि एक ट्रक यांची धडक झाली. १६ जण गेले, १३ जखमी झाले. त्या आठवड्यात या अपघाताबद्दल जे जे वाचलं, त्यात आणखी एका गावाचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं: स्विफ्ट करंट. प्रांत तोच, संघाचं नावही ब्रॉन्कोजच, आणि तिथेही एकतीस वर्षांपूर्वी बसनेच घात केला होता. त्या नावाचा माग काढत गेल्यावर एका लहान गावाच्या संघाचा जो इतिहास समोर आला, तो अजून मनातून जात नाही. पोराबाळांना कुणाच्या तरी भरवशावर घराबाहेर पाठवणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा, असं वाटतं.

सास्काचेवान आकाराने महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा, पण लोकवस्ती जेमतेम १२-१३ लाख. सपाट माळरान, गहू, थोडं तेल आणि लांबलचक हिवाळा. प्रांताच्या नैर्ऋत्येला, ट्रान्स-कॅनडा महामार्गावर स्विफ्ट करंट वसलं आहे. वस्ती सतराएक हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी. वेस्टर्न हॉकी लीगमध्ये व्हँकुव्हर, कॅलगरी, एडमंटन अशा महानगरांचे संघ खेळतात. त्यांच्या बरोबरीने हे गाव स्वतःचा संघ चालवतं. या संघाला कुणी शेठ मालक नाही. तो गावकऱ्यांच्या मालकीचा आहे. वर्षाचा हिशेब सभेत मांडला जातो, आणि तोटा झाला तर तो गावाचाच असतो.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९६७ मध्ये संघ उभा राहिला. पुढे व्यावसायिक आइस हॉकीतला स्टॅन्ले कप जिंकणारा ब्रायन ट्रॉटिये सुरुवातीच्या काळात इथेच घडला. १९७४ मध्ये संघ शेजारच्या अल्बर्टा प्रांतात, लेथब्रिज शहरात गेला. बारा वर्षं गाव त्याच्याविना राहिलं. १९८६ मध्ये गावाने तो परत आणला. त्यानंतर १९८९, १९९३ आणि २०१८ अशी तीन वेळा लीगची अजिंक्यपदं, आणि १९८९ मध्ये कॅनडाच्या कुमार हॉकीतला सर्वोच्च मान, मेमोरियल कप.

पण कुमार हॉकी म्हणजे काय, हे नीट समजल्याशिवाय या तारखांना अर्थ येत नाही. खेळाडू १६ ते २० वर्षांचे. मुलगा पंधरा वर्षांचा होतो त्या वर्षी संघ त्याची निवड करतात. कुठल्या गावी जायचं हे मुलगा ठरवत नाही, त्याला निवडणारा संघ ठरवतो. सोळाव्या वर्षी तो आईवडिलांपासून शेकडो मैलांवर, अनोळखी कुटुंबात राहायला जातो. हे यजमान कुटुंब त्याला खोली देतं, जेवू घालतं, शाळेची चौकशी करतं, सामना हरून आला की त्याच्याजवळ बसतं. संघ या कुटुंबांना थोडंफार मानधन देतो, पण त्या रकमेसाठी कुणी चार वर्षं दुसऱ्याचं पोर सांभाळत नाही. या सगळ्या व्यवस्थेत मला सर्वांत मोलाची वाटली ती हीच गोष्ट. यजमान घरातली धाकटी मुलं त्या खेळाडूला थोरला भाऊ मानतात आणि कित्येक नाती पुढे लग्नकार्यांपर्यंत टिकतात.

दुसरं घर म्हणजे बस. लीगचा पसारा मॅनिटोबातल्या ब्रँडनपासून पॅसिफिक किनाऱ्यावरच्या व्हिक्टोरियापर्यंत, आणि सीमेपलीकडे अमेरिकेच्या वॉशिंग्टन, ऑरेगनपर्यंत. हंगामात ६८ सामने, त्यांतले निम्मे परगावी. म्हणजे सप्टेंबर ते मार्च मुलं रस्त्यावर असतात. रात्री सामना संपवायचा, ओलं सामान बसच्या पोटात टाकायचं आणि माळरानावरून रात्रभर घराकडे परतायचं. बसमध्येच गृहपाठ, बसमध्येच झोप, बसमध्येच जेवण. बसण्याचेही रिवाज असतात: नवखे पुढे, जुनेजाणते मागे. मागच्या बाकांवर पत्त्यांचा डाव रंगतो. तिथे जागा मिळणं म्हणजे संघात मान मिळणं.

३० डिसेंबर १९८६. संघ गावात परतल्याचा तो पहिलाच हंगाम. बस रेजायना शहरातल्या सामन्यासाठी निघाली. रस्त्यावर बर्फाचा पातळ, पारदर्शक थर जमला होता. असा थर डांबरावर डोळ्यांना दिसत नाही. गावाबाहेर थोड्याच अंतरावर, रेल्वेमार्गावरच्या पुलाजवळ चालकाचा ताबा सुटला. बस रस्त्याखाली गेली, बांधावर आदळून उसळली आणि कुशीवर पडली. मागच्या भागात पत्ते खेळत बसलेली चार मुलं गेली: ट्रेंट क्रेसी, स्कॉट क्रूगर, ख्रिस मँटिका आणि ब्रेंट रफ. रफ फक्त सोळा वर्षांचा होता. तेव्हाच्या अशा बसगाड्यांत सीटबेल्ट नसत. ते असावेत असा नियमच नव्हता.

श्रद्धांजलीची सभा बर्फाच्या त्याच मैदानात झाली, जिथे मुलं खेळायची. गाव लोटलं. दीड आठवड्याच्या आत संघ पुन्हा सामन्याला उतरला आणि नवखा संघ असूनही त्या हंगामात बाद फेरीत पोहोचला. त्या बसमध्ये सतरा वर्षांचा जो सॅकिक होता. तो पुढे या खेळातल्या थोर खेळाडूंपैकी एक ठरला. लीगने सर्वोत्तम खेळाडूच्या करंडकाला चार ब्रॉन्कोजचं नाव दिलं. मे १९८९ मध्ये सास्काटूनला मेमोरियल कपचा अंतिम सामना ४-३ असा अतिरिक्त वेळेत जिंकून या गावाने सगळ्या देशाला चकित केलं. निर्णायक गोल टिम टिस्डेलचा. दुःखातून उभं राहिलेलं गाव म्हणून स्विफ्ट करंटची कथा देशभर सांगितली जाऊ लागली. प्रशिक्षक ग्रॅहम जेम्सला एका प्रतिष्ठित हॉकी नियतकालिकाने त्या वर्षीचा मानकरी ठरवलं.

त्या कथेखाली काय दडलं होतं, ते बाहेर यायला आणखी सात वर्षं लागली. ते सांगितलं शेल्डन केनेडीने, आणि या संघाच्या इतिहासात मला सर्वांत मोठा माणूस तोच वाटतो.

केनेडी मॅनिटोबातल्या एल्कहॉर्न या खेड्यातला. अपघाताच्या वेळी बसमध्ये होता, वाचला. १९८९ च्या विजेत्या संघात होता, पुढे व्यावसायिक लीगमध्ये तीनशेहून अधिक सामने खेळला. १९९६ मध्ये त्याने पोलिसांकडे जाऊन सांगितलं, की किशोरवयापासून वर्षानुवर्षं जेम्स त्याच्यावर लैंगिक अत्याचार करत होता. जानेवारी १९९७ मध्ये जेम्सने गुन्हा कबूल केला. अत्याचारांची मोजदाद साडेतीनशेच्या घरात गेली होती आणि शिक्षा झाली साडेतीन वर्षांची. नंतर आणखी खेळाडू पुढे आले आणि २०१२ व २०१५ मध्ये त्याला पुन्हा शिक्षा झाल्या.

या प्रकाशात १९८६ चा हिवाळा वेगळा दिसू लागतो. अपघातानंतर मुलांना मानसोपचारतज्ज्ञांची मदत मिळालीच नाही, संघाने सगळं आपल्या आपल्यात निभावलं, असं वाचलेल्या खेळाडूंनी पुढे सांगितलं. तेव्हा गावाला त्यात मुलांचा कणखरपणा दिसला. बाहेरचा माणूस मुलांशी एकांतात बोलला असता, तर आणखी काय बाहेर आलं असतं, हा प्रश्न त्या खेळाडूंनी स्वतः विचारला आहे. मुलांचा खेळ, झोप, प्रवास आणि भविष्य ज्याच्या एका शब्दावर अवलंबून असतं, त्याच्याविरुद्ध सोळा वर्षांच्या मुलाने बोलायचं तरी कुठे? जिंकणाऱ्या प्रशिक्षकाला कुणी जाब विचारत नाही, आणि जेम्स जिंकत होता.

केनेडीने तक्रारीवर काम संपवलं नाही. १९९८ मध्ये चाकांचे स्केट्स घालून त्याने कॅनडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पार केला आणि अत्याचारग्रस्तांसाठी निधी उभारला. २००४ मध्ये सहकाऱ्यासोबत संस्था काढून प्रशिक्षक आणि पालकांसाठी अभ्यासक्रम तयार केले. अत्याचार कसा ओळखायचा आणि दिसल्यावर काय करायचं, हे त्यांत शिकवतात. २०११ मध्ये अमेरिकेच्या सिनेटपुढे त्याने साक्ष दिली. २०२२ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय हॉकी महासंघाने लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी मिटवण्यासाठी राखलेला निधी उघड झाला, त्यात खेळाडूंच्या नोंदणी शुल्काचाही पैसा होता. तेव्हा वरिष्ठांनी पायउतार व्हावं अशी मागणी करणाऱ्यांत तो होता. त्याच वर्षी मुख्याधिकारी आणि संचालक मंडळ गेलं.

२०१८ मध्ये हम्बोल्टला सांत्वनासाठी गेलेल्यांत १९८६ च्या बसमधून वाचलेले केनेडी आणि त्याचे काही जुने सहकारी होते. या वेळी समुपदेशक लगेच पोहोचले. मदत मागणं हा दुबळेपणा नाही, हे मुलांना उघडपणे सांगितलं गेलं. त्यानंतर सास्काचेवानने अवजड ट्रकचालकांना १२१.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, आणि सप्टेंबर २०२० पासून कॅनडात नव्या महामार्ग बसगाड्यांत सीटबेल्ट अनिवार्य झाले. स्विफ्ट करंटच्या चार मुलांनंतर तेहतीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. इतकी साधी गोष्ट इतकी उशिरा यावी, याचा राग येतो.

आता संघापुढे काय आहे? मे २०१८ मध्ये ब्रॉन्कोजने लीग जिंकली, पण त्यासाठी भविष्यातले निवडीचे हक्क देऊन अनुभवी खेळाडू घेतले होते. पुढच्या हंगामात संघ थेट तळाला गेला. लहान गावाला हे चक्र चुकत नाही: चार वर्षं पेरायचं, एक वर्ष कापायचं. मग करोना आला, आणि २०२१ मध्ये प्रांतातले संघ रेजायनात एकत्र राहून प्रेक्षकांविना खेळले. तिकिटांवर चालणाऱ्या संघाची मिळकतच थांबली.

त्याहून मोठा बदल नोव्हेंबर २०२४ मध्ये झाला. कॅनडाच्या या लीगमध्ये खेळलेल्या मुलांना अमेरिकी विद्यापीठांच्या संघांत पूर्वी प्रवेश नव्हता, कारण त्यांना व्यावसायिक मानलं जाई. ती बंदी ऑगस्ट २०२५ पासून उठवायचा निर्णय तेव्हा झाला. मेडिसिन हॅट संघाचा गॅव्हिन मॅकेना हा अव्वल तरुण खेळाडू लगेच पेन स्टेट विद्यापीठात गेला. मुलांसाठी हे चांगलंच आहे. शिक्षण आणि खेळ यांतून एक निवडण्याची सक्ती संपली, आणि एका संघाच्या मर्जीवरचं त्यांचं अवलंबित्वही कमी झालं. पण ज्या गावाने मुलगा सोळाव्या वर्षापासून घडवला, त्याच्या हातून तो अठरा-एकोणिसाव्या वर्षी, ऐन बहरात निघून जाणार. विद्यापीठांच्या पैशापुढे सतरा हजार वस्तीचं गाव काय देऊ शकेल? प्रेक्षकांनी मैदान भरलं नाही तर लोकांच्या मालकीचा संघ किती तोटे सोसेल? ही काळजी खरी आहे.

तरीही संघ टिकावा की नाही, याचं उत्तर मला करंडकांच्या हिशेबात दिसत नाही. मुलं सुरक्षित राहतात का, त्यांना बोलायला संघाबाहेरचा कुणी आहे का, प्रशिक्षकाच्या वर लक्ष ठेवणारा कुणी आहे का, यावर ते ठरावं. स्विफ्ट करंटने प्रेम कधीच कमी पडू दिलं नव्हतं. कमी पडली ती चौकशी.

महाराष्ट्रातही हजारो मुलं-मुली खेळासाठी घर सोडून वसतिगृहात, अकादमीत, तालमीत राहायला जातात, रात्रीच्या गाड्यांनी स्पर्धा गाठतात. त्यांना पाठवताना पदकांची यादी पाहण्याआधी विचारा: रात्रीची गाडी कोण चालवतं, मुलांच्या खोलीपर्यंत कोण जाऊ शकतं, आणि काही घडलं तर मुलाने कुणाला फोन करायचा? उत्तर लगेच मिळालं नाही, तर मूल तिथे ठेवू नका.