पश्चिमेची भिंत

पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांतल्या दऱ्या बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरतात. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी, आंबी या नद्या घाटमाथ्यापाशी उगम पावून पुणे-सातारा रस्त्याच्या बाजूला येतात. त्यामुळे घर बांधणाऱ्याला जे पाहायचे असते ते सहसा पश्चिमेला असते: सह्याद्रीची रांग, धरणाचा फुगवटा, मावळतीचे आकाश. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा पाऊसही तिकडूनच येतो आणि एप्रिल-मे महिन्यांतले तिरपे ऊनही. या भागातल्या घराच्या रचनेतला मुख्य पेच हाच आहे.

जुन्या मावळी घराने तो सरळ सोडवला होता. पश्चिमेला भिंत आंधळी ठेवायची, फार तर एक देवळी. पावसाळ्याआधी तिच्यावर गवताचा आडोसा बांधायचा. ओटा आणि दार वाऱ्याच्या आडोशाला. कारवीच्या काटक्या शेणामातीने लिंपून केलेला कूड पाण्यात टिकत नाही, म्हणून छपराची पाखी इतकी खाली आणायची की मोठ्या माणसाने वाकूनच आत यावे. एकाच आढ्याखाली माणसे, जनावरे आणि माळ्यावर भात. नजाऱ्यासाठी खिडकी ही कल्पनाच तिथे नव्हती. डोंगर दिवसभर शेतात दिसतच असे.

आजच्या घराला खिडकी हवी असते, आणि बहुधा मोठी काच. तिचे काय होते ते सूर्याच्या उंचीवरून मोजता येते. हा प्रदेश सुमारे 18.2 उत्तर अक्षांशावर आहे. 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण 48 अंश उंचीवर असतो. 3 फूट पुढे आलेल्या वळचणीची सावली तेव्हा दक्षिणेच्या भिंतीवर जवळपास साडेतीन फूट उतरते आणि तिच्याखालून थंडीतले हवेसे ऊन आत येते. मेच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा तीच वळचण अख्खी भिंत झाकते. म्हणजे दक्षिणेचे ऊन छपरानेच आवरता येते. पश्चिमेचे येत नाही. एप्रिलच्या सुरुवातीला संध्याकाळी पाच वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम 25 अंश वर असतो आणि 3 फुटी वळचणीची सावली दीड फुटाच्या आसपास थांबते. उरलेली सगळी काच तापते. पडदे लावले की नजारा गेला, आणि काच ज्याच्यासाठी लावली तेच हरवते.

म्हणून जाणते वास्तुरचनाकार पश्चिमेला खोली न ठेवता पडवी ठेवतात, आठ-दहा फूट खोल. पावसाची झड तिच्या फरशीवर संपते, ऊन तिच्या सावलीत अडते, आणि डोंगर आतल्या खोलीतून पडवीच्या चौकटीत दिसतो. जिना, न्हाणीघर, कोठीची खोली या जागा पश्चिमेच्या उरलेल्या भिंतीला लावल्या की झोपायच्या खोल्या रात्री तापलेल्या राहत नाहीत.

पण खोल पडवीने घर अंधारते, आणि जुलैत तर इथे आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही. संपूर्ण ढगाळ आकाश सगळीकडे सारखे उजळ नसते; माथ्यावरचा भाग क्षितिजापेक्षा सुमारे तिप्पट तेजस्वी धरला जातो. तेव्हा पावसाळ्यात उजेड हवा तर तो वरून घ्यावा लागतो. जुन्या घरांत कौलांच्या ओळीत एखादे काचेचे कौल बसवलेले असे, ते याच कारणाने. भोरच्या पंत सचिवांच्या राजवाड्यातले चौकही हेच काम करतात: ओसरी अंधुक, मध्ये आकाश. स्वतंत्र भारतातले वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया (1930–2015) यांनी आकाशाला उघडी जागा हा आपल्या विचाराचा गाभाच मानला. मावळ तालुक्यातले ‘गढी हाऊस’ हे पीएमए मधुशाला या वास्तुरचना संस्थेने रचलेले घर नावापासूनच जुन्या गढीशी नाते सांगते. घाटमाथ्याजवळ मात्र उघडा चौक जपून करावा लागतो. तिथे पाऊस मोठा, आणि चौकात पडणारे पाणी बाहेर काढणारी मोरी तुंबली तर पाणी थेट माजघरात शिरते. काचेचे छप्पर घातलेला, बाजूंनी वारा खेळणारा चौक तिथे अधिक शहाणपणाचा.

पाण्याचा हिशेब छपरापासून सुरू होतो. 1000 चौरस फुटांच्या छपरावर हंगामात 2000 मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे 1 लाख 85 हजार लिटर पाणी ओघळते. पन्हळ नसेल तर हे सारे पागोळ्यांनी जोत्याशी पडते आणि उडालेला चिखल भिंतीवर चढतो. पागोळीच्या रेषेखाली दगडगोट्यांचा चर आणि दीड-दोन फूट उंच काळ्या दगडाचे जोते, एवढ्याने निम्मी ओल टळते. सपाट गच्ची या भागात नाइलाज असेल तरच करावी.

उताराची गोष्ट याहून गंभीर. डोंगरावर खडकाच्या वर मुरूम-मातीचा पातळ थर असतो आणि पावसाळ्यात दोहोंच्या सांध्यातून पाझर फुटतात. मालक सपाट जागा मागतो. मग जेसीबीने वरची बाजू कापून तीच माती खालच्या बाजूला भरली जाते. भराव दबतो, घराला तडे जातात, आणि वरची कापलेली कड आधार गमावते. याच जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर 30 जुलै 2014 रोजी डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा उताराचा विषय जमिनीच्या भावाइतकाच विचारायला हवा. शेतकऱ्यांनी भातखाचरांसाठी ताली घालून उतार पायऱ्यापायऱ्यांनी अडवला आहे. घराचेही तसेच करता येते: स्वयंपाकघर एका पातळीवर, झोपायची खोली तीन पायऱ्या खाली, आणि पाण्याच्या जुन्या वाटा मोकळ्या.

नजारा निवडताना ऋतूही धरावा लागतो. भाटघर धरण 1920च्या दशकात पुरे झाले. त्याच्या जलाशयातले कांबरे येथील कांबरेश्वराचे मंदिर पावसाळ्यात बुडते आणि उन्हाळ्यात उघडे पडते. ऑक्टोबरात पाहून घेतलेल्या ‘लेक व्ह्यू’ प्लॉटसमोर मे महिन्यात भेगाळलेला गाळ असतो. झाडांमधून दिसणारे पाणी हटले तरी झाडे उरतात.

या भागातली बरीच नवी घरे शनिवार-रविवारची असतात. जुलैत तीन आठवडे बंद राहिलेल्या घरात गाद्यांना बुरशी येते. अशा घराला छपराखाली जाळी लावलेले कायमचे झरोके समोरासमोर द्यावे लागतात, ओल्या छत्र्या-चपलांना दाराबाहेर छपराची जागा, कपडे वाळत घालायला पडवीतच दांडी, आणि कपाटे भिंतीपासून चार बोटे सुटी.