बायपोलर आजार आणि लहानपणी बसलेले घाव

जळगाव-धुळ्याकडे एखादा तरुण आठवडाभर झोपेविना हिंडू लागला, केळीच्या मालाचे पैसे दोन दिवसांत उधळून बसला, की घरात आधी ‘बाहेरचं झालंय’ असं म्हटलं जातं. मग भगत, मग उतारा. दवाखाना सगळ्यात शेवटी. म्हणून आधी आजार काय असतो ते पाहू.

बायपोलरमध्ये मनःस्थिती दोन टोकांना जाते. वरच्या टोकाला उन्माद, म्हणजे मॅनिया. निदान आठवडाभर टिकणारा अतिउत्साह किंवा चिडखोरपणा, झोपेची गरजच न वाटणं, सुसाट बोलणं, मोठमोठे बेत. खालच्या टोकाला निदान दोन आठवडे टिकणारं नैराश्य. मधल्या काळात माणूस बहुतेक वेळा आपलं काम नीट करत असतो. सकाळी रुसला आणि दुपारी हसला, याला बायपोलर म्हणत नाहीत. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात हजारी सुमारे पाच प्रौढांना हा आजार आयुष्यात कधी ना कधी होतो, आणि त्यांतले सुमारे 70 टक्के उपचाराबाहेर राहतात.

आता आघात. मारहाण आणि लैंगिक अत्याचार त्यात येतातच. पोराकडे सतत दुर्लक्ष होणं, बापाची रोजची दारू, आईला होणारी मारझोड डोळ्यांनी पाहणं, हेही येतं. ‘तू जन्मालाच यायला नको होतीस’ असं वर्षानुवर्षं ऐकत वाढणं, हा भावनिक छळ आपण सहसा मोजतच नाही. 2016 साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री’त अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. बायपोलर असलेल्यांमध्ये बालपणीच्या आघातांचं प्रमाण हा आजार नसलेल्यांपेक्षा अडीच पटींहून जास्त निघालं. भावनिक छळाचा संबंध तर सुमारे चौपट होता.

इथे घरोघरी एक चूक होते. हे आकडे ऐकून आई-बापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं. या आजारात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे, आणि प्रेमात वाढलेल्या मुलांनाही तो होतो. आघातामुळे धोका वाढतो, पण कुणा एका रुग्णाचा आजार त्यामुळेच झाला, असं म्हणता येत नाही.

मग आघात करतो काय? धोका दिसला की शरीरात कॉर्टिसोल नावाचं ताणाचं संप्रेरक वाढतं आणि धोका टळला की उतरतं. ज्या घरात धोका टळतच नाही, तिथल्या मुलाची ही यंत्रणा कायम सावध राहायला शिकते. पुढे मोठेपणी साध्या भांडणानेही ती जोरात पेटते, झोप उडते. बायपोलरमध्ये उडालेली झोप हे उन्मादाचं नेहमीचं निमित्त असतं. आघाताचा परिणाम आजारापर्यंत पोहोचण्याची ही एक वाट.

2016 मध्येच ‘लॅन्सेट सायकियाट्री’त अॅग्न्यू-ब्ले आणि डानेझे यांनी 30 अभ्यास एकत्र तपासले. बालपणी छळ सोसलेल्यांमध्ये आजार लवकरच्या वयात सुरू झालेला दिसला. उन्माद-नैराश्याचे झटके जास्त, लक्षणं तीव्र, भास-भ्रमही अधिक. वर्षात चार किंवा जास्त झटके येण्याचा प्रकार, सोबत चिंतेचा आजार किंवा व्यसन, आणि आत्महत्येचे प्रयत्न, हे सगळंच जास्त होतं. ही गटाची सरासरी आहे. तुमच्या घरच्या माणसाचं पुढे काय होणार, हे ती सांगत नाही. डॉक्टरांनी कुठे जास्त लक्ष द्यावं, एवढं मात्र त्यातून नक्की कळतं.

सगळ्यात जास्त घोटाळा निदानात होतो. आजाराची सुरुवात पुष्कळदा नैराश्याने होते. रुग्ण रडत येतो, बालपणीचं सांगतो, आणि ‘एवढं सोसलंय, मग उदास वाटणारच’ म्हणून नुसतीच नैराश्याची गोळी सुरू होते. बायपोलरमध्ये एकटी दिलेली ही गोळी उन्माद उसळवू शकते. म्हणून उदासीसाठी गेलात तरी ‘मधे आठ दिवस झोपेची गरजच वाटत नव्हती’ हेही आपण आवर्जून सांगावं.

दुसरी अडचण ओपीडीतली. रुग्णाभोवती चार नातेवाईक उभे असतात आणि कधी कधी ज्याने छळलं तोच केसपेपर धरून उभा असतो. ‘मला एकट्याने बोलायचंय’ असं डॉक्टरांना जरूर म्हणा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पहिल्याच भेटीत सगळं उकरून काढायची गरज नसते. ‘लहानपणी माझ्याशी वाईट वागलं गेलं, तपशील पुढे सांगेन,’ एवढं वाक्य पुरतं.

उपचारांचा क्रमही पाळावा लागतो. आधी औषधांनी मनःस्थिती आणि झोप स्थिर करायची. आघातावरचं मानसोपचाराचं काम त्यानंतर. उन्मादात असलेल्या माणसाला जुन्या गोष्टी बोलायला लावणं म्हणजे त्याची उरलीसुरली झोप घालवणं. पण स्थिर झाल्यावर ते काम कायमचं बाजूला ठेवणंही बरोबर नाही. आपल्याकडे अनेकदा हेच होतं, गोळ्या चालू राहतात आणि आघाताचं नावच निघत नाही.

सोबत एक वही ठेवा. रोजची झोप किती तास, मन कसं, काय घडलं, तीन ओळी पुरे. काही महिन्यांत नमुना दिसू लागतो. समजा, पारोळ्याच्या एका सासुरवाशिणीला दर आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, झटका येतो. घरचे म्हणतात, ऊन लागलं. वहीत दिसतं की माहेरी गेल्यावर तिसऱ्या रात्रीपासून झोप तीन तासांवर येते, कारण लहानपणी ज्याने त्रास दिला तो चुलता त्याच वाड्यात असतो. मग मुक्काम मावशीकडे करता येतो, किंवा सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येतं. झोप उडाली तर काय करायचं, हे डॉक्टरांना जाण्याआधीच विचारून ठेवता येतं.

दाखवायला कुठे जायचं? जळगावला 2018 मध्ये सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि धुळ्याला भाऊसाहेब हिरे महाविद्यालय. मरणाचे विचार येत असतील तर माणसाला एकटं सोडू नका आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

खानदेशातल्या उन्हाळ्याची मात्र वेगळी काळजी घ्यावी लागते. लिथियम हे या आजारावरचं जुनं आणि खात्रीचं औषध, पण घाम आणि जुलाबांनी शरीरातलं पाणी-मीठ कमी झालं की रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं. पारा 45 अंशांकडे गेला की पाणी भरपूर प्यावं आणि जेवणातलं मीठ एकदम तोडू नये. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नये, त्यांनीही प्रमाण वाढतं. हात जास्त थरथरू लागले, चाल अडखळली, जीभ जड झाली किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.