‘अदृश्य’ युद्धनौकेमागील कार्यकारणभाव

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘आयएनएस सुरत’ ही विनाशिका भारतीय नौदलात दाखल झाली. विशाखापट्टणम वर्गातील ही चौथी आणि शेवटची नौका. या नौकांचे वर्णन ‘शत्रूच्या रडारला न दिसणाऱ्या अदृश्य नौका’ असे सर्रास केले जाते. ते ऐकून विद्यार्थी विचारतात : १६३ मीटर लांब आणि सुमारे ७,४०० टन वजनाची पोलादी नौका अदृश्य कशी होईल? प्रश्न रास्त आहे. कारणाशिवाय काहीही घडत नाही, हे ज्या धम्माचे मूलतत्त्व आहे, त्या धम्माच्या छायेतील शाळेत तर तो विचारला गेलाच पाहिजे.

प्रथम ‘विनाशिका’ या शब्दाचा इतिहास पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लहान, वेगवान टॉर्पेडो बोटींनी मोठमोठ्या युद्धनौकांना धोका निर्माण केला. त्या बोटींचा नाश करण्यासाठी १८९० च्या दशकात ब्रिटिश नौदलाने अधिक वेगवान नौका बांधल्या. ‘टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर’ हे त्यांचे मूळ नाव पुढे ‘डिस्ट्रॉयर’ एवढेच उरले. दोन महायुद्धांत त्यांच्याकडे पाणबुड्यांपासून आणि विमानांपासून ताफ्याचे रक्षण करण्याचे काम आले. आज तोफांची जागा मुख्यतः मार्गदर्शित क्षेपणास्त्रांनी घेतली आहे. म्हणजे नाव विनाशाचे असले, तरी या नौकेचा जन्म रक्षणाच्या गरजेतून झालेला आहे.

आता ‘स्टेल्थ’ म्हणजे काय ते समजून घेऊ. रडार रेडिओलहरी सोडते. त्या वस्तूवर आदळून परत आल्या की वस्तू कोठे आहे ते कळते. अंधाऱ्या खोलीत आरशावर बॅटरीचा झोत सरळ टाकला, तर तो आपल्याच डोळ्यांवर येतो. आरसा थोडा तिरपा केला की झोत छताकडे निघून जातो. आरसा तेथेच असतो, केवळ प्रकाश आपल्याकडे परतत नाही. विनाशिकेच्या बाजू तिरप्या ठेवण्याचे कारण एवढेच आहे.

सर्वांत घातक असतो तो काटकोन. चेंडू खोलीच्या कोपऱ्यात फेकला, तर भिंतींवर आदळत तो बहुधा फेकणाऱ्याकडेच येतो. सायकलच्या मागील लाल रिफ्लेक्टरमध्ये असेच असंख्य सूक्ष्म कोपरे असतात, म्हणून तो मोटारीच्या दिव्यात लखलखतो. जुन्या युद्धनौकांवर शिड्या, कठडे, उघड्या होड्या आणि जाळीदार डोलकाठ्या यांच्यामुळे असे कोपरे जागोजागी होते. विशाखापट्टणम वर्गात वरचे मजले एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग आहेत, डोलकाठ्या सपाट पत्र्यांनी मढवलेल्या आहेत, आणि मुख्य क्षेपणास्त्रे डेकखाली उभ्या कप्प्यांत ठेवलेली आहेत. परिणामी रडारच्या पडद्यावर ही नौका प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ लहान भासते.

रडारखेरीज उष्णता आणि आवाज हेही नौकेचा ठावठिकाणा सांगतात. इंजिनाच्या धुराड्यातून निघणाऱ्या तप्त वायूत थंड हवा मिसळून त्याचे तापमान उतरवले जाते. यंत्रांचा कंप पाण्यात पोहोचू नये, म्हणून ती लवचीक आधारांवर बसवली जातात. मात्र या साऱ्याला मर्यादा आहेत. स्वतःचे रडार सुरू केले की नौकाच आपला पत्ता जाहीर करते. डोळ्यांना तर ती दिसतेच. स्टेल्थमुळे शत्रूला नौका उशिरा सापडते, आणि युद्धात तेवढा वेळही मोलाचा असतो.

ही नौका निर्माण झाली ती आपल्या मुंबईतील माझगाव डॉकमध्ये. तिचा आराखडा नौदलाच्या स्वतःच्या संरचना विभागाचा. पोलाद देशातच विकसित झालेले. हवाई संरक्षणासाठी बराक-८, तर दूरच्या लक्ष्यासाठी ब्रह्मोस ही क्षेपणास्त्रे आहेत. पहिले इस्राएलच्या, दुसरे रशियाच्या सहकार्याने तयार झाले. नौका चालवणारी चार गॅस टर्बाइन मात्र युक्रेनच्या बनावटीची आहेत. आत्मनिर्भरता एका दिवसात येत नाही. माझगाव डॉकने बांधलेली पहिली ‘निलगिरी’ १९७२ मध्ये ब्रिटिश आराखड्यावर तयार झाली. त्यानंतर दिल्ली वर्ग, कोलकाता वर्ग आणि मग हा वर्ग अशी पायरीपायरीने वाटचाल झाली. चार नौकांचा करार जानेवारी २०११ मध्ये झाला आणि चौथी नौका २०२५ मध्ये दाखल झाली. करार झाला त्या वर्षी पहिलीत गेलेले मूल आज पदवीच्या उंबरठ्यावर आहे. ‘विशाखापट्टणम’चे जलावतरण एप्रिल २०१५ मध्ये झाले, पण ती नौदलात दाखल झाली नोव्हेंबर २०२१ मध्ये. मधल्या साडेसहा वर्षांत वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन आणि अभियंते यांचे हात तिच्यावर राबत होते. एक सांधा कच्चा राहिला, तर उत्तम आराखडाही व्यर्थ ठरतो.

पालकांनी नेमके हेच लक्षात घ्यावे, असे मला वाटते. आपल्या पूर्वजांच्या हातांना काम होते, पण ज्ञान नाकारलेले होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामगारांच्या तांत्रिक शिक्षणाला महत्त्व दिले, ते हात आणि बुद्धी यांची ही फारकत मिटावी म्हणूनच. नववीतील प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा आणि आयटीआयमधील वेल्डिंगचा वर्ग हे दोन्ही या नौकेपर्यंत जाणारे रस्ते आहेत. मुलींसाठीही ते खुले आहेत. या वर्गातील ‘इंफाळ’ नौकेवर महिला अधिकारी आणि नौसैनिकांच्या निवासाची सोय आराखड्यातच केलेली आहे.

करुणेचा धम्म मानणाऱ्यांनी शस्त्रांचे कौतुक करावे काय, असा आक्षेप कोणी घेईल. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांतील भेद विशद केला आहे. शस्त्र कसे चालते हे समजून घेणे म्हणजे त्याची पूजा करणे नव्हे. उलट, ज्याला ते समजते तोच ते कधी वापरू नये हेही सांगू शकतो.

शेवटी एक योगायोग. या वर्गाला ज्या नगराचे नाव मिळाले, त्या विशाखापट्टणमजवळ थोटलकोंडा नावाची टेकडी आहे. १९७० च्या दशकात नौदलाचा तळ उभारण्यासाठी पाहणी सुरू असता त्या टेकडीवर प्राचीन बौद्ध विहाराचे अवशेष उजेडात आले. आज तेथील स्तूपाजवळ उभे राहिले की समोर बंगालचा उपसागर दिसतो. ज्या समुद्रावरून कधीकाळी भिक्खू धम्म घेऊन गेले, त्याच समुद्रावर आज या नौका गस्त घालतात. आपल्या मुलांना सहलीसाठी तेथे अवश्य न्यावे. स्तूप पाहून झाला की दूरवरच्या एखाद्या नौकेकडे बोट दाखवून त्यांना विचारावे, ‘हिच्या बाजू तिरप्या का?’ उत्तर त्यांना स्वतःच शोधू द्यावे.